घेतलं, पोरी

१

पेर्नोल्यांच्या रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर तोंडी जायची. चिठ्ठी लिहून ती खिळ्याला टोचायची पद्धत गावातल्या बाकी सगळ्यांनी केव्हाच उचलली होती, पेर्नोल्यांनी नाही. फ्रान्समधल्या सोन नदीच्या पुलाला लागून आर्मेलच्या पणजीने हे रेस्टॉरंट काढलं, तेव्हापासून रीत एकच. बाहेरच्या बाईने स्वयंपाकघराचं झुलतं दार अर्धं ढकलायचं, खणखणीत आवाजात ऑर्डर सांगायची आणि आतून उत्तर आल्याशिवाय तिथून हलायचं नाही. उत्तर आलं नाही तर ऑर्डर पोचली नाही असं धरायचं.

आर्मेल हे काम शाळा सुटल्यापासून करत आली होती. लग्न झालं, मोडलं, पण ह्या दारातलं उभं राहणं सुटलं नाही. आत शेगडीशी तिचे वडील ओगुस्त, सगळं गाव ज्यांच्या हातचं खायला यायचं ते. तिने ऑर्डर सांगितली की मान न वळवता ते म्हणायचे, "घेतलं, पोरी." भाऊ लिओनेल त्यांच्या शेजारी कांदे-गाजरं चिरत उभा असायचा.

त्या शरद ऋतूत पापांना झटका आला. डावा हात गेला, वाचा गेली. पाय कसेबसे वाचले. धरून चालवलं तर चालायचे. वरच्या मजल्यावर, बरोबर स्वयंपाकघराच्या डोक्यावरच्या खोलीत त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं जायचं आणि ल्यूसेत आत्या, त्यांची बिनलग्नाची बहीण, त्यांच्याजवळ असायची. शेगडी लिओनेलकडे आली. तो ऑर्डरला नुसतं "ऐकलं!" म्हणायचा, जरा जास्तच मोठ्याने.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी धुकं इतकं खाली आलं होतं, की खिडकीतून पूल दिसत नव्हता. हॉल अर्धाच भरला होता. आर्मेलने दार ढकललं.

"खिडकीचं टेबल! दोन कोंबडी व्हिनेगरमधली, एक मासा!"

"घेतलं, पोरी."

ती वळली, पाव कापायला फळीशी गेली. सुरी पावात अर्धी उतरली आणि तिथेच थांबली.

तिने परत जाऊन दार पूर्ण उघडलं. शेगडीशी कोणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं आणि लिओनेल अंगणात मासेवाल्याच्या गाडीशी उभा राहून बर्फावरून वाद घालत होता. आत फक्त इनेस होती, भाज्या निवडणारी आणि भांडी घासणारी पोर्तुगीज बाई. तिची पाठ दाराकडे होती, नळ धो धो वाहत होता. तिच्यासमोरची परात मात्र कधीच घासून झालेली होती. ती रिकाम्या हातांनी वाहत्या पाण्याकडे बघत होती.

२

माणसाला इतक्या वर्षांची सवय असली की कानही आपलं आपण ऐकून घेतात, अशी आर्मेलने स्वतःची समजूत घातली. लिओनेलला तिने संध्याकाळी सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, तू दमलीयेस, सोमवारी माकों शहरात जाऊन केस तरी कापून ये.

रात्रीचं सूप घेऊन ती वर गेली. झटक्यानंतर पापांच्या तोंडात एका शब्दाचा तुकडा तेवढा उरला होता. आर्मेल खोलीत शिरली की ओठ मोठ्या कष्टाने जुळायचे आणि "पो... पो..." असा आवाज यायचा. पुढचं अक्षर कधी निघालं नाही, पण तिला तेवढं पुरत होतं.

त्या दिवशी ओठ जुळले, उघडले. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. आपल्या खिशातली वस्तू जागेवर नाही हे कळल्यावर माणूस जसा आधी गोंधळतो आणि मग घाबरतो, तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

डॉक्टर म्हणाले, लहानसा दुसरा झटका असेल, असं होतं. आर्मेलला हे पटलं. न पटून करणार काय?

पण त्यानंतर ती दाराशी कान देऊन उभी राहू लागली. बहुतेक वेळा लिओनेलचंच "ऐकलं!" यायचं. कधी मात्र तो गोदामात असायचा, कधी खाली तळघरात वाइन आणायला गेलेला असायचा, आणि तेवढ्यात ते दुसरं उत्तर यायचं. शांत, थोडं घसा बसलेलं. एकदा तिने मुद्दाम दार ढकललं आणि काहीच बोलली नाही. तोंड घट्ट मिटून उभी राहिली.

"घेतलं, पोरी," आतून आलं.

ह्या गोष्टीची तिला सगळ्यात जास्त धास्ती वाटली. म्हणजे जे काही आत होतं त्याला ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त उत्तर देता येत होतं.

३

मस्यू वॉतिए हे निवृत्त जनावरांचे डॉक्टर. दर मंगळवारी एकटे यायचे, कोपऱ्यात बसायचे आणि कोंबडी खाऊन झाली की लिओनेलच्या नावाने काहीतरी टोमणा ठेवून जायचे. मागच्याच आठवड्यात ते म्हणाले होते, तुझ्या भावाच्या हातून कोंबडी मरते खरी, पण तिचं सार्थक होत नाही.

त्या मंगळवारी त्यांनी पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला. मग पावाने बशी पुसून घेतली, अगदी कडेपर्यंत.

"ओगुस्त खाली उतरला वाटतं," ते म्हणाले. "आधी सांगायचंस ना. मी भेटायला गेलो असतो आत."

आर्मेलने ती बशी तशीच उचलून दारामागे नेली आणि कडेला राहिलेला रस्सा बोटाने चाटला. व्हिनेगर आधी नाकात गेलं, मग साय आली आणि सगळ्यात शेवटी ती करपण्याच्या एक क्षण आधीची कडवट गोडी. लिओनेलला ती आजवर कधी साधली नव्हती. किती रविवार पापा त्याच्या मागे उभे राहून "आता, आता काढ" म्हणायचे आणि त्याचा हात दर वेळी उशिरा पडायचा.

सूप वर नेलं तेव्हा ल्यूसेत आत्या रडवेली झाली होती. दुपारी चुकून तिने सुपात दोनदा मीठ घातलं होतं, स्वतः चाखल्यावर तिला ते थुंकावं लागलं. आणि पापा अख्खा वाडगा पिऊन गेले होते.

आर्मेल खाली आली, व्हिनेगरची बाटली घेऊन पुन्हा वर गेली. चमचाभर व्हिनेगर तिने वडिलांच्या जिभेवर सोडलं.

आयुष्यभर ज्या जिभेने अख्ख्या गावाला जेवू घातलं, त्या जिभेचा मालक तिच्याकडे शांतपणे बघत होता. डोळ्यांत पाणी नाही, कपाळाला आठी नाही. तिने चमचा बाजूला ठेवला आणि त्यांचं तोंड पुसलं. मग मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते व्हिनेगरने आलं नव्हतं.

४

लिओनेलला हे सांगणं तिला वाटलं त्याहून अवघड गेलं, कारण लिओनेल खुश होता. लहानपणापासून त्याला इतका खुश तिने कधी पाहिलंच नव्हतं. शीळ घालत तो शेगडीशी उभा असायचा. लोक उठून दारापर्यंत येऊन त्याचा हात हातात घेऊन जायचे.

"मी केलेलं नाही असं नाहीये ते," तो म्हणाला. "मीच करतो. फक्त हात आपोआप जातो. कुठे थांबायचं ते कळतं. पहिल्यांदा, आर्मेल. सगळा जन्म मी त्यांच्या शेजारी उभं राहून मूर्ख ठरलो, आणि आता पहिल्यांदा कळतंय."

"आणि वर ते बसलेत त्यांना मीठसुद्धा कळत नाही."

"म्हातारे झालेत. आजारी आहेत. त्याचा इथे काय संबंध?"

त्याचा आवाज चढला नाही. तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता, एवढंच. त्याला संबंध माहीत होता.

इनेसने त्याच आठवड्यात काम सोडलं. आर्मेलने कारण विचारलं. ती डोक्याचा रुमाल सोडून घडी करता करता म्हणाली, "मादाम, मी एका माणसाच्या हाताखाली कामाला लागले. इथे दोघांना वाट द्यावी लागते. परवा एकाने मला बाजूला सारलं, आणि तुमचे भाऊ तर अंगणात होते."

५

ल्यूसेत आत्या स्वयंपाकघरात पाय टाकत नसे. वरच्या खोलीत तिची स्वतःची एक छोटी शेगडी होती आणि तिच्यावर ती स्वतःची कॉफी, सूप, अंडी करून घ्यायची. घरात सगळे तिला त्यावरून चिडवायचे. तिला लसणीचा वास सोसत नाही असं ती सांगायची.

आर्मेलने एका सकाळी तिला सरळ विचारलं.

आत्याने खिडकीबाहेर नजर वळवली. नदीत एक मालवाहू होडी धुक्यातून सरकत होती. मग ती म्हणाली, तिची आई, म्हणजे आर्मेलची फिलोमेन आजी, शेवटच्या वर्षी ह्याच खुर्चीत बसायची. आधी बोलेनाशी झाली. मग चव गेली. मग एकेक.

"आणि खाली?"

"खाली ओगुस्तला फार छान जमायला लागलं होतं," आत्या म्हणाली. "सगळे म्हणायचे, आईचा हात उचलला पोराने."

"पापांना माहीत होतं?"

"तुझ्या पापांनी मला एकदाच सांगितलं. म्हणाला, ल्यूसेत, मी खाली तिला थांब म्हणतो. ती ऐकत नाही." आत्याने भावाच्या मांडीवरची शाल नीट केली. "मग एक दिवस खालच्या तिला ऐकू यायला लागलं. त्यानंतर काय झालं ते त्याने मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही."

पापांनी हे सगळं ऐकलं होतं. कान चांगले होते त्यांचे. उजवा हात तेवढा खुर्चीच्या दांडीवर हलत होता, अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासत, चिमूटभर काहीतरी कुठेतरी टाकल्यासारखी. आर्मेलने त्यांचा तो हात आपल्या हातात धरला. आतल्या आत बोटं हलतच राहिली.

६

तिने कोणाला न विचारता त्यांना दूर न्यायचं ठरवलं. शारोलच्या बाजूला, डोंगरात, नन चालवायच्या असं आजारी म्हाताऱ्यांचं एक विश्रामगृह होतं. लिओनेलला तिने डॉक्टरांनी सांगितलंय एवढंच सांगितलं आणि पापांना गाडीत बसवलं. पूल ओलांडताना त्यांनी मान वळवून मागे पाहिलं नाही. उलट पुढे बघत, मोठ्या प्रवासाला निघालेल्या माणसासारखे ताठ बसले. आर्मेलला आशा वाटली.

विश्रामगृह स्वच्छ होतं. खिडकीतून पांढऱ्या गाई दिसायच्या. एका ननने पापांना मफलर गुंडाळला, त्यांच्याशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. ती बोलत असताना पापांची बोटं हलत होती. दुपारच्या जेवणाची घंटा झाली तशी ती थांबली. आर्मेलला आधी वाटलं, बरं झालं, निवांत झाले. मग तिने तो हात उचलला आणि सोडला. तो मांडीवर पडला, ओल्या फडक्यासारखा.

तिथल्या फोनवरून तिने घरी फोन लावला. पलीकडून भांड्यांचा, माणसांचा आवाज येत होता. लिओनेल घाईत होता.

"आज तर काय सांगू," तो म्हणाला. पण त्याचा आवाज कालपरवासारखा नव्हता. "आज मी काहीच केलं नाही. मी नुसता बशा पुसत उभा आहे. मला शेगडीपाशी जाऊ देत नाहीयेत."

"कोण जाऊ देत नाही?"

तिला फक्त कढईवर पळी आपटल्याचा आवाज ऐकू आला, लयीत, पदार्थ झाला की पापा आपटायचे तसा.

७

दुसऱ्या दिवशी तिने पापांना ननांकडे ठेवलं, भल्या सकाळी परत येऊन रेस्टॉरंटच्या दाराला कुलूप घातलं आणि गॅसची मुख्य चावी बंद केली. लिओनेलने विरोध केला नाही. तोच तळघरात उतरला आणि ती चावी घट्ट बसल्याची खात्री करून आला. एका दिवसात तो म्हातारा दिसायला लागला होता.

दोघं भावंडं हॉलमध्ये समोरासमोर बसली. रिकाम्या टेबलांवर स्वच्छ कापडं अंथरलेली. बाहेर कोणीतरी दाराची मूठ हलवून पाहिली आणि निघून गेलं. शेवटी दुपार झाली.

आधी वास आला. लोणी वितळल्याचा. मग कांदा पडला आणि चरचरला.

लिओनेलने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो जागचा हलला नाही. आर्मेल उठली. आपण उठतोय हे तिला कळत होतं आणि बसावं असंही वाटत होतं, पण पाय दारापर्यंत गेले. दाराला गोल काच होती, आतून वाफेने आंधळी झालेली. तिने दार ढकललं नाही. काचेला कपाळ लावलं आणि वाफेतून एक थेंब ओघळून जी रेघ उमटली, तिच्यातून पाहिलं.

दोन हात होते. डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग, जो तिने लहानपणापासून पाहिलेला. हात शेगडीवरच्या फळीवर काहीतरी शोधत होते. डबा चाचपला, सोडला, पुढचा चाचपला, बोटांनी झाकणाचा घेर तपासला. डोळ्यांना दिसत नसलेल्या माणसासारखे. हातांच्या वर, जिथे माणूस असायचा तिथे, सगळा माणूस नव्हता. जेवढं आलं होतं तेवढंच होतं. तोंड होतं. ते तोंड तिच्या बाजूला वळलं आणि कोणाकडेही न बघता हसलं.

हॉलमधला फोन वाजू लागला.

तो लिओनेलने घेतला. ऐकत राहिला, हो हो म्हणत राहिला आणि रिसीव्हर ठेवून म्हणाला, ननांचा होता. पापा ठीक आहेत. जेवले. फक्त आत्ता थोड्या वेळापूर्वी डोळ्यांसमोर दिवा धरला तरी त्यांची पापणी लवली नाही.

८

तिने त्यांना परत घरी आणलं. दूर नेऊन काही वाचत नव्हतं, आणि परक्या खोलीत, परक्या माणसांत ते असे थोडे थोडे संपावेत हे तिला सहन होत नव्हतं. लिओनेलने विचारलं, आता काय करायचं? डॉक्टर येऊन गेले, पाद्री येऊन गेले. दोघांनीही वयाचं कारण सांगितलं आणि दोघांनीही जाताना स्वयंपाकघरातून काय छान वास येतोय असं म्हटलं.

रेस्टॉरंट बंदच होतं. लिओनेल दुपारी घरात थांबत नसे. जेवणाची वेळ झाली की नदीकाठी जाऊन बसायचा आणि वास विरल्यावर परत यायचा. ल्यूसेत आत्या वर जपमाळ घेऊन. आर्मेलने पापांना रोज खाली आणायला सुरुवात केली होती. एका हाताने कंबर धरून, पायरी पायरीने. पाय अजून त्यांचे होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी ती त्यांना बसवायची, शेजारी स्वतः बसायची आणि वाचून दाखवायची, वर्तमानपत्र, हवामान, गावातल्या मयती. ऐकताना त्यांचा चेहरा हलायचा. तेवढं उरलं होतं, ते ती वापरून घेत होती.

त्या दुपारी बाहेर ऊन पडलं होतं. ती वाचत होती. आत कढई ठेवल्याचा आवाज झाला, मग बराच वेळ काही नाही. मग आतून कोणीतरी तिला हाक मारली.

"आर्मेल."

ती वाचायची थांबली. इतक्या दिवसांत आतून तेच दोन शब्द येत आले होते. तिचं नाव कधी आलं नव्हतं.

"आर्मेल, आत ये जरा."

अगदी पापांचा आवाज. चव बघायला बोलवायचे तेव्हाचा, माया असलेला.

शेजारी बसलेल्या पापांनी तो ऐकला. स्वतःचाच आवाज. त्यांचा चेहरा असा झाला की ती बघू शकली नाही. हात उचलले जात नव्हते, तोंडातून शब्द निघत नव्हता, डोळ्यांना ती दिसत नव्हती. त्यांनी टेबलाखाली आपला पाय सरकवला, तिचं पाऊल शोधलं आणि त्याच्यावर सगळा भार देऊन दाबून धरलं. दुखेल इतकं. जाऊ नकोस म्हणायला त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

आर्मेलने त्यांच्या गळ्याभोवती हात टाकला. कानाला ओठ लावून, तिचं तिलाही नीट ऐकू येणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "नाही जात, पापा. इथेच बसलेय मी."

त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ते ऐकायची वाट बघत असल्यासारखे समोर तोंड करून बसले होते. तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. पापणीही हलली नाही.

झुलत्या दारामागे पळी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"बरं," आतून उत्तर आलं. "मग मीच येतो बाहेर."

आणि टेबलाखाली, तिच्या पावलावर जिवाच्या आकांताने रुतलेला पाय हळूहळू सैल पडला.